मास्तरांच्या गाडीतला पिवळा दिवा

माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलंच बोलायचं, अशी आपल्याकडे रीत आहे. अंबादास मास्तरांच्या फोटोपुढे परवा सगळ्या गल्लीनं ती पाळली. जो उठला तो ‘देवमाणूस’ म्हणाला आणि डोळे पुसत खाली बसला. मी मागे भिंतीला टेकून दात आवळत होते. देवमाणूस कसला? हट्टी, एककल्ली, आपलं तेच खरं करणारा माणूस होता तो. त्यांच्यापायी पद्माक्कानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, काय सोसलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि फोटोला हार घातला म्हणून ते पुसलं जात नाही. माझी माया होती मास्तरांवर, पुष्कळ होती. नसती तर त्यांच्या गाडीत पिवळे दिवे आहेत की पांढरे, याचं मला काय पडलं होतं?

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. टॉवेल-चादरींच्या कारखान्यात ते डाईंग मास्तर होते. गिऱ्हाइकानं बोटभर कापडाचा तुकडा पाठवायचा आणि यांनी रंगाच्या हौदातून ढीगभर सूत नेमक्या त्याच रंगाचं काढून द्यायचं, हे त्यांचं जन्मभराचं काम. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहायला आलो तेव्हा ते खालच्या मजल्यावर होते आणि आम्ही वर. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि राग आला की दोन्हींची मिसळ, असं त्यांचं बोलणं. अंगात कायम पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट. दिवसभर रंगात काम करून शर्टावर एक थेंब पडू द्यायचा नाही, यात त्यांचा सगळा तोरा होता. मी विमा कचेरीतून दमून यायची आणि हे ओट्यावर बसून माझ्या साडीकडे बघून म्हणायचे, “बाई, धुवायला टाकताना उलटी वाळत घाला की. शेड उतरायलीय.” नमस्कार-चमत्कार काही नाही, आधी शेड.

रंगाला ते रंग म्हणत नसत, शेडच म्हणत. चहा पातळ झाला तर शेड उतरली. जावयानं शब्द फिरवला तर त्याची शेड पक्की नाही. बाजारात वांगी घ्यायची तर टोपलीतलं एक वांगं उचलून भाजीवालीच्या छत्रीखालून बाहेर पडायचे, रस्त्यात उत्तरेकडे तोंड करून उभे राहायचे आणि वांगं फिरवून फिरवून बघायचे. मागून स्कूटरवाले शिव्या घालत. भाजीवाली विचारायची, “मास्तर, भाजी करायची हाय का लुगडं रंगवायचं हाय?” यांना ऐकू जायचं नाही. उत्तरेचा, सकाळचा, सावलीतला उजेड तेवढा खरा. बाकी सगळे उजेड लबाड. कारखान्यात त्यांनी कधी दिव्याखाली शेड पास केली नाही. लॉट तयार असला, ट्रक दारात उभा असला, मालक हात जोडून उभा असला तरी मास्तर सूत हातात घेऊन सकाळ होण्याची वाट बघणार.

“डोळा खोटं बोलत न्हाय बाई, दिवा बोलतो,” असं ते म्हणायचे. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या मुलीही त्यांची नक्कल करायच्या.

आणि पुष्कळदा ते खरं असायचं, हीच तर पंचाईत होती. माझ्या थोरलीच्या साखरपुड्याची साडी घ्यायला आम्ही नव्या पेठेत गेलो तेव्हा पद्माक्काबरोबर मास्तरही आले. दुकानात छतभर पांढरे दिवे. मुलीला मोरपंखी साडी आवडली. मास्तरांनी काही न बोलता ती उचलली आणि सरळ दुकानाबाहेर चालायला लागले. दुकानदार “ओ काका, ओ काका” करत मागे धावला. बाहेर उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात अशी साडी फिरवून मास्तर म्हणाले, “हे घ्या तुमचं मोरपंखी. निळी हाय ही, धडधडीत निळी.” आणि होती. दुकानदारानं दुसरी काढून दिली. त्या दिवशी मलाही त्यांचं कौतुक वाटलं होतं. खरा माणूस एकदा खरा ठरला की तो पुढे कशातही स्वतःला खरा समजायला लागतो, आणि त्याला तसं वाटावं म्हणून आपणही टाळ्या वाजवलेल्या असतात.

पांढऱ्या दिव्याशी त्यांचं वैर जुनं होतं. ते गावाला गेले असताना मॅनेजरनं मरून रंगाच्या टॉवेलांचा एक लॉट ट्यूबलाइटखाली बघून पास केला. माल परदेशात गेला आणि परत आला. तिकडच्या लोकांना तो विटकरी दिसला. मास्तरांचा दोष काडीचा नव्हता. पण बोलणी त्यांनाच खावी लागली, कारण डाईंगमधून निघालेल्या मालावर मास्तरांचं नाव. ती गोष्ट ते कुणालाही सांगत. पाहुण्यांना, दूधवाल्याला, एकदा तर जनगणनेला आलेल्या माणसालाही सांगितली. सांगताना शेवटी उजव्या हाताचं बोट वर छताकडे जायचं, आणि छतावर ट्यूब असली तर ऐकणारा अवघडून जायचा. त्यांच्या स्वतःच्या घरात शेवटपर्यंत जुन्या बल्बांचे पिवळे गोळे होते. पिवळा दिवा निदान खोटं बोलतो ते तोंडावर बोलतो, असं त्यांचं म्हणणं.

इथपर्यंत हसण्यावारी नेता येतं. मीही नेत होते.

पद्माक्काच्या डोळ्यांचं पुढे कळलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार. डॉक्टरांनी सांगितलं की कडेनं अंधार येत जाईल, समोरचं मधलं बरेच दिवस दिसत राहील, कमी उजेडात त्रास जास्त होईल, तेव्हा घरात उजेड भरपूर ठेवा. पद्माक्का मला म्हणाली, “कडेचं मला कधीपासून दिसत न्हाय गं ताई. मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतंय.” लग्नाआधीपासून विड्या वळत आलेली बाई ती. कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा, हे ती माझ्याशी गप्पा मारत, तोंड वर करून करायची. बोटांना सगळं पाठ. घरही बोटांना पाठ. मिठाची बरणी, चहाची बरणी, कडी, उंबरा, सगळं जिथल्या तिथं. त्यामुळे त्या पिवळ्या गोळ्यांच्या घरात तिचं आंधळेपण कुणाला कळलं नाही, नवऱ्यालाही नाही. वांग्याची शेड ओळखणाऱ्या माणसाला आपली बायको दारातली चप्पल पायानं शोधतेय हे दिसलं नव्हतं.

डॉक्टरांकडून आल्यावर मास्तर ओट्यावर बसले आणि म्हणाले, “उजेडाचं मला सांगतोय तो डॉक्टर. मला!” बस्स, एवढंच. मग महिनाभर कुणाशी बोलले नाहीत. आणि एक दिवस एका शाळेनं मोडीत काढलेली जुनी छोटी बस आमच्या बिल्डिंगीपुढे येऊन उभी राहिली.

त्यांनी त्या बसचं घर केलं. बाकडी काढली, एका बाजूला पलंग, एका बाजूला ओटा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, मागे पडदा लावून मोरी. सुतार होते, वेल्डर होता, पण प्रत्येक खिळा यांच्या डोळ्यांदेखत. रंग तर विचारूच नका. आतल्या पट्टीचा हिरवा रंग मनासारखा मिळेपर्यंत डब्यात डबे ओतत होते. गल्ली बघायला यायची. हा सगळा खटाटोप कशासाठी, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. “तिनं समुद्र बघितला न्हाय. डोंगरातनं ढग बघितलं न्हाय. हाटेलात नेलं तर अंधारात ठेच लागंल, बिचारी लाजंल. म्हणून घरच घेऊन जायचं. हाय तोवर बघू दे.” त्या दिवशी मला मास्तरांच्या पाया पडावंसं वाटलं होतं. हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई एकांगी लिहिते.

मग दिव्यांचा प्रश्न आला.

त्या बसच्या छताला जुने पिवळे बल्ब होते, तारेचे, गाडीच्या बॅटरीवर चालणारे. मास्तरांनी बाजारातून हुडकून तसलेच आणखी आणून बसवले. पण ते बॅटरी खात. सगळे लावले की थोड्याच वेळात मंद व्हायचे, म्हणून मास्तर एका वेळी एकच लावू देत. सलीम वायरमन, आमच्या भागातला जुना माणूस, त्यानं हात टेकले. “मास्तर, एलईडी डालो. बॅटरी कू पता बी नै चलता. पूरी रात जलाओ, हौर उजाला देखो.” मास्तरांनी मान हलवली. सलीमनं पिच्छा सोडला नाही. शेवटी ठरलं की एका बाजूला एलईडी लावायचे, दुसऱ्या बाजूला पिवळे ठेवायचे, आणि गल्लीसमोर निकाल लावायचा.

त्या संध्याकाळी मास्तरांनी घरातून सुताच्या लड्या आणल्या, वर्षानुवर्षं जपून ठेवलेल्या. मरून, मोतिया, अंजिरी, आणखी कसल्या कसल्या. लोक बसमध्ये दाटीवाटीनं उभे. मास्तर एक लडी पांढऱ्या दिव्याखाली धरत, मग पिवळ्याखाली. “चूडु, चूडु,” बघा बघा म्हणत ते प्रत्येकाच्या नाकापुढे लडी नाचवत होते. “हितं लाल मेला बगा. पार मेला. राख झाली त्याची.” आणि खरंच, पांढऱ्याखाली मरून रंग फिक्कट मातकट दिसत होता. सलीम म्हणाला, एलईडीमध्ये पिवळसरही मिळतो, तो आणतो. त्यानं खिशातून एक काढून लावलाही. मास्तर त्याच्याखाली लडी धरून हसले. “हे सोंग हाय. पांढऱ्यानं पिवळं पांघरलंय नुसतं.” लोक हसले. कुणी म्हणालं मास्तरांचं बरोबर आहे. कुणी म्हणालं पिवळ्यात कसं घरात आल्यागत वाटतं. आमच्या यांनीही मान डोलावली. त्यांचं मी घरी आल्यावर बघून घेतलं.

या सगळ्या गर्दीत पद्माक्का चहा देत फिरत होती. पांढऱ्या बाजूला ती किटलीतून कपात चहा ओतत होती तो नीट, काठोकाठ, एक थेंब न सांडता. पिवळ्या बाजूला आली की थांबायची, बोटानं कपाची कड चाचपायची, मग ओतायची. दहा-पंधरा माणसं दिव्याची परीक्षा करायला जमली होती आणि परीक्षा त्यांच्यामधून ट्रे घेऊन फिरत होती. एकानं तिच्याकडे पाहिलं नाही. सगळे लडीकडे बघत होते. मी मोठ्यानं विचारलं, “मास्तर, पद्माक्काला कुठला बरा वाटतो ते विचारा की.” मास्तर म्हणाले, “ती काय, म्हणंल तुमाला योग्य वाटंल ते.” आणि पद्माक्का खरोखर तेच म्हणाली. “माझं काय गं ताई. ते बघतील.” जन्मभर ‘ते बघतील’ म्हणायची सवय लावलेली बाई दुसरं काय म्हणणार? पण हे विचारणं म्हणायचं का? गल्लीला विचारलं, वायरमनला विचारलं, सुताच्या लड्यांना विचारलं, आणि जिच्यासाठी गाडी केली तिचं उत्तर आपणच देऊन टाकलं.

निकाल पिवळ्याचा लागला. “घरात शिरल्यावर घर वाटायला पायजे, दवाखाना न्हाय,” असं म्हणून मास्तरांनी सलीमचे दिवे उतरवून त्याच्या पिशवीत घातले. गाडीत कोण टॉवेल रंगवणार होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

पहिली सफर जवळचीच काढली, सराव म्हणून. हिप्परग्याच्या तळ्याकाठी एक मुक्काम. आम्ही दोघंही बरोबर गेलो. दुपार छान गेली. पद्माक्कानं पाण्यावरचे बगळे पाहिले. मान हळूहळू वळवून एकेक बगळा समोर आणून बघायची. मास्तर तिच्या मागे उभे राहून “त्यो बग, त्यो बग” करत होते. दिवेलागणीला आत आलो. एक पिवळा बल्ब, तोही दमलेला. ओट्यावर पातेल्यात पाणी उकळत होतं. नवं घर, बोटांना पाठ नसलेलं. पद्माक्कानं चिमट्यानं पातेलं उचललं, ओट्याची कड संपल्याचं तिला दिसलं नाही, आणि उकळतं पाणी सगळं उजव्या पावलावर.

ती ओरडली नाही. “अम्मा” म्हणून खाली बसली फक्त. आम्ही पायावर गार पाणी ओतलं, ओलं फडकं गुंडाळलं, आणि गाडी तशीच वळवून दवाखान्यात आणली. वाटेत मास्तर काय म्हणाले असतील? “सावकाश करायचं की गं.” हे त्यांचे शब्द. माझ्या डोक्यात तिडीक गेली. गाडीत दुसरं कुणी नसतं तर मी काय केलं असतं सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्यात मास्तर भेटले आणि मी त्यांना धरलं. खालचं दार उघडं होतं, गल्लीत माणसं होती, मला कशाची पर्वा नव्हती. म्हटलं, “मास्तर, तुम्हांला लाजबीज वाटते का? डॉक्टर सांगतो उजेड ठेवा. वायरमन सांगतो उजेड ठेवा. बाईचा पाय भाजला. अजून तुम्हांला मरून रंगाचं पडलंय?”

मास्तर कठड्याला धरून उभे राहिले. मग म्हणाले, “काल तुमी पण चाचपडला बाई. काडेपेटी हुडकताना. तुमचे साहेबबी चाचपडले, मीबी. त्या दिव्यात सगळीच चाचपडली.”

“मग?”

“मग काय. बरं वाटलं मला.” ते खाली बघत होते. “पिवळ्यात तिला दिसत न्हाय, तर मी म्हणतो दिवा मंद हाय. पांढरा लावला, लख्ख लावला, आन् तरीबी ती चाचपडली, तर कुणाला बोल लावू? मग दिवा उरतच न्हाय की मधी.”

मला वाटतं हे ऐकून दुसरी कुणी बाई विरघळली असती. माझाही राग क्षणभर ओसरला, हे खरं. जन्मभर दिव्याला खोटं ठरवत आलेला माणूस, त्याला आयुष्यात एकदाच दिवा खोटा असायला हवा होता. पण लगेच मला त्या पावलावरचे फोड आठवले, आणि माझा राग दुप्पट झाला. म्हटलं, “म्हणजे तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून तिनं अंधारात राहायचं? तुमच्या भीतीचं भाडं तिनं भरायचं?”

मास्तर काही बोलणार तोच खालच्या दारात पद्माक्का आली. पायाला पांढरी पट्टी, भिंतीला धरून. तिनं सगळं ऐकलं होतं. इतक्या वर्षांत मी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता; त्या दिवशीही चढला नाही, नुसता सपाट झाला.

“तुमी माझा हात धरून फिरवणार, हे बघ, ते बघ करणार. वद्दु,” ती म्हणाली. नको. “मला हात नको तुमचा. मला दिवा पायजे. लख्ख दिव्यात दिसलं तर माझं मी बघीन. न्हाय दिसलं तर न्हाय दिसलं म्हणीन. पण ते मी म्हणीन. तुमी न्हाय ठरवायचं.”

मास्तर जिन्याच्या पायरीवर बसले. ती आत गेली. तिनं आतून कडी लावली नाही, पण दार पुढे केलं.

पाय बरा झाल्यावर तिनंच सलीमला फोन केला. मास्तर बँकेत गेले होते, ते येईपर्यंत काम झालेलं. मी जिन्यावरून बघत होते. सलीमनं दिवे लावून दाखवले आणि घाबरत विचारलं, “मास्तर कू क्या बोलूं?” पद्माक्का म्हणाली, “मी सांगितलं म्हणून सांग.” मास्तर आले. दारात थांबले. वर बघितलं, आत बघितलं, सलीमकडे बघितलं. मला वाटलं आता भडका उडणार. पण ते मागे वळले आणि घरात जाऊन पडले. जेवलेही नाहीत म्हणे. दोन दिवस गल्लीत कुणी त्यांच्यापुढे दिव्याचं नाव काढलं नाही.

तरी सफर रद्द झाली नाही. समुद्राला जायचं ठरलं होतं ते ठरलं होतं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. कोकणात, समुद्राजवळ गाडी उभी असताना, एका सकाळी मास्तर झोपेतून उठलेच नाहीत. पद्माक्कानं त्याआधी समुद्र पाहून घेतला होता. कसा होता म्हणून मी विचारलं तर म्हणाली, “समोर होता तेवढा बघितला. लई मोठा हाय.” आता ती मुलीकडे हैदराबादला आहे.

मी मास्तरांना शेवटचं पाहिलं ते निघायच्या आदल्या दिवशी, दिवे लागायच्या वेळेला. प्रवासात तोंडी लावायला म्हणून शेंगाचटणी करून बरणी द्यायला खाली गेले होते. गाडी बिल्डिंगीपुढे उभी. आत सगळे दिवे लावलेले, पांढरा उजेड रस्त्यावर आलेला. मास्तर गाडीच्या पायरीवर बसले होते, आत पाठ करून. माझ्याशी बोलले नाहीत. जिन्यातल्या त्या दिवसापासून बोलतच नव्हते. मीही बोलले नाही. मी काही माफी मागणाऱ्यातली नव्हे.

आतून पद्माक्का म्हणाली, “चहा निवायलाय. आत या.”

“हितं बरं हाय.”

“आत या म्हणते ना.”

मास्तर उठले आणि आत जाऊन पलंगाच्या कडेवर बसले. मी दारातच उभी. चहा गाळून झाला होता. पद्माक्कानं त्यांचा कप त्यांच्या हातात दिला, आपला ओट्यावर ठेवला, शेगडी बंद करायला वळली आणि परत वळून कप घ्यायला हात पुढे केला. हात कपाच्या शेजारी पडला. कपापासून वीतभर अंतरावर. तिनं तिथला ओटा चाचपला. काही नाही. वर लख्ख दिवे, खाली पांढरा कप, आणि तिचा हात रिकाम्या ओट्यावर फिरत होता.

मास्तरांनी ते पाहिलं. मग त्यांनी काहीही आवाज न करता एक बोट पुढे केलं आणि कप हळूच तिच्या हाताकडे सरकवला. हाताला कप लागला. तिनं तो उचलला नाही.

“तुमी सरकवला,” ती म्हणाली.

“न्हाय की.”

“दिसलं मला. बोट दिसलं तुमचं.”

बाहेर मी बरणी हातात घेऊन तशीच उभी होते. राग गेला नव्हता माझा, अजूनही गेलेला नाही. पण तिथून निघालेही नाही.

“होता तिथं ठेवा,” पद्माक्का म्हणाली.

“चहा गार व्हायलाय, घे की.”

“होता तिथं ठेवा म्हणते.”

मास्तरांनी कप उचलला आणि परत जिथं होता तिथं ठेवला. पद्माक्कानं हात खाली घेतला. मग ती मान एका बाजूनं दुसऱ्या बाजूला हळूहळू वळवत ओटा बघायला लागली. शेगडी, चिमटा, साखरेचा डबा, गाळणं. एकेक वस्तू तिच्या समोर येत होती आणि जात होती. मास्तरांनी आपला चहा खाली ठेवला. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली घातले, वरून आपला सगळा भार दिला, आणि तिला कप सापडेपर्यंत तसेच बसून राहिले.